मामाची फिरती पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझ्यावर 'जागा विकणे आहे' एवढेच लिहिलेले आहे. सध्या मी एका डबक्यात निम्मी बुडून पडले आहे. पण मित्रांनो, मला तुमची दया नको. कोणी 'बिच्चारी' म्हटले की माझा पत्रा तापतो. मला राग आलेला आहे, आणि तो कोणाचा आहे ते तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म तेलाच्या पिंपातून झाला. पिंप कापून, ठोकून सपाट केले आणि एका पेंटरने पांढऱ्या रंगावर लाल अक्षरे काढली. हा पेंटर अतिशय सावकाश काम करी. दोन अक्षरांमध्ये तो चहा पिऊन येई. पण जो तो म्हणे, "अक्षर काय सुरेख आहे!" मला एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या फाटकाला तारेने बांधले. तिथले काम सरळ होते. माझ्या मागे जे दिसे तेच विकायचे होते. लोक येत, छत बघत, रस्ता बघत, पटले तर बोलत आणि नाही तर निघून जात. गिरणी विकली गेली तेव्हा मला भंगारात टाकले. त्याचे मला काही वाटले नाही. काम संपले होते.

भंगारातून मला उचलले ते मामाने. हा जमिनीचा दलाल. सगळे त्याला मामा म्हणत. सख्खा मामा तो कोणाचाच नव्हता, पण मामा त्याने गावभर बनवले होते. बोलणे इतके गोड, की मुंग्या लागाव्यात.

त्याच्याकडे एक जागा होती. वीटभट्टीवाल्यांनी माती खणून नेलेला तो एक मोठा खड्डा होता. त्यात बारा महिने पाणी आणि तिथे जायला बैलगाडीपुरतीही वाट नाही. त्या खड्ड्याच्या पुढे, अगदी रस्त्याला लागून, एका गोठेवाल्या बाईची सपाट, हिरवीगार जमीन होती. ती तिला विकायची नव्हती. मामाला मात्र ती फार उपयोगी होती.

त्याने मला टेम्पोवाल्याबरोबर एका वेल्डरकडे पाठवले. "हिला पाय लाव. एका माणसाला उचलता आली पाहिजे, असं मालकानं सांगितलंय," टेम्पोवाला म्हणाला. मालक कोण, ते वेल्डरने विचारले नाही. त्याने दोन चौकोनी पाय केले, जोड घासून गुळगुळीत केले आणि मागे धरायला एक कडीसुद्धा लावली. तसे प्रेमाने माझे कोणीच काही केले नव्हते.

एरवी मी त्या खड्ड्यातल्या डबक्याच्या काठावर उभी असे. गोठेवाली सकाळी दूध घालायला गेली आणि गिऱ्हाईक येणार असले, की मामा मला कडीला धरून पुढे आणी आणि तिच्या जमिनीत उभी करी. ती परतायच्या आत मी पुन्हा मागे. अर्धा खड्डा त्याने असाच एका शिंप्याला विकला. शिंपी घर बांधायला विटा घेऊन आला, तेव्हा कुठे त्याला मागची वाट दाखवण्यात आली. तो पाण्याकडे बघत नुसता उभा राहिला. त्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. मामा म्हणाला, "अहो, भर घातली की सोनं आहे सोनं!" त्या दिवशी मी त्याच्या पायावर पडले असते तर बरे झाले असते. पण पाय फार भक्कम केले होते.

मग एका सकाळी तोच वेल्डर आला. शेडच्या मालकाने त्याला महिनाअखेरीस दुकान खाली करायला सांगितले होते. ही जागा हुकली तर मशीन कुठे ठेवायचे, हा प्रश्न होता. बरोबर बायको होती आणि तिच्या काखेत इसाराच्या पैशांची पिशवी. मामाने ती आल्या आल्याच हेरली.

"वर्षभर ही पाटी इथे उभी आहे बघा, वहिनी," मामा म्हणाला. "किती जण येऊन गेले. पण मला माणूस चांगला पाहिजे होता."

वेल्डरचे लक्ष माझ्याकडे गेले आणि त्याचा चेहरा खुलला. "अगं, ही तर मी केलेली. जोड बघ, कुठे दिसतोय का? आणि एका हातानं उचलता येते. थांब, दाखवतो."

"राहू दे, राहू दे, हात खराब होतील," मामा पुढे झाला. तोवर वेल्डरने मला उचललेही होते.

बायकोने ना जोड बघितला, ना कडी. ती वाकून खाली बघत होती.

"मामा, वर्षभर उभी आहे म्हणालात ना? मग पायाखालचं गवत हिरवं कसं?"

मामाने घाम पुसला. गवताची जात वेगळी आहे, असे काहीतरी तो पुटपुटला. एवढ्यात रिकाम्या किटल्या घेऊन गोठेवाली आली. त्या दिवशी दूध लवकर संपले होते.

"माझ्या जमिनीत काय करताय?" तिने विचारले. मग मला पाहून म्हणाली, "ही इकडे कशी? ही तर तिकडे मागे, डबक्यापाशी असते."

मला हातात घेऊन वेल्डर सरळ मागे गेला. डबक्याच्या काठावर गवतात दोन पिवळे चौकोन होते. त्याने मला तिथे ठेवले. माझे पाय त्यात बरोबर बसले.

बायकोने पिशवी काखेत घट्ट धरली. "चला," ती नवऱ्याला म्हणाली, "दुकानाचं बघू काहीतरी. आणि त्या शिंप्यानंही मामाकडूनच जागा घेतलीय, जाताना त्याच्याकडे जाऊ. गवत आपण बघितलंय, साक्ष देऊ, म्हणून सांगू त्याला."

ती दोघे गेल्यावर मामाने मला लाथ मारली आणि मी डबक्यात पडले. जाताना मला शिव्या देत होता. सगळे स्वतः करून सवरून शिव्या मात्र पाटीला!

मित्रांनो, मला बाहेर काढू नका, पुसू नका, रंग देऊ नका. एवढेच करा: जागा बघायला गेलात की पाटी वाचत बसू नका, आधी ती उचलून बघा. माझी लाल अक्षरे पाण्याबाहेर आहेत. 'जागा विकणे आहे'. आता वाचणाऱ्याला माझ्याभोवती जे दिसते, तेच विकायचे आहे.