शेवटचा आकडा

ताई आत आली तेव्हा बारक्याच्या हातात पहार होती आणि दादाच्या कपाळातून रक्त गळत होतं. कारखाना काच कापायचा, त्यामुळे पायाखाली काचच काच. वहिनी दारातून ओरडली, "आधी या दोघांना आवर, मग कॉम्प्युटरचं बघ!"

पण कॉम्प्युटरचं बघितल्याशिवाय हे दोन रेडे आवरणार नाहीत, हे ताईला ठाऊक होतं. तिचे अर्धे केस नोकरीत कंपनीचं नेटवर्क सांभाळून पिकले होते आणि उरलेले या भावांपायी.

दोन खोल्या, दोन कटिंग मशीन, प्रत्येकाला एक कॉम्प्युटर. मापं आणि डिझाइन यायची मधल्या खोलीतल्या मुख्य कॉम्प्युटरवरून. बारक्यानं आपल्या मशीनला नवा कॉम्प्युटर बसवल्यापासून आठवडाभर एकाचं जोडलं की दुसऱ्याचं तुटायचं. मशीन अर्ध्या कापात थांबायचं आणि दाराएवढी काच वाया जायची. परवा दादानं बारक्याची वायर पकडीनं तोडली, तर दादाचं मशीन दिवसभर सुरळीत चाललं. झालं, चोर सापडला! काल बारक्यानं नवी वायर जोडली आणि लाथ घालून दादाचा कॉम्प्युटर बंद पाडला, तर याचं सुरळीत चाललं. त्यालाही चोर सापडला. आज दोन्ही चोर एकमेकांच्या नरड्याला लागले होते.

"एक तास द्या मला," ताई म्हणाली. "तोवर कुणी हात उचलला तर याद राखा."

तिनं दादाचा कॉम्प्युटर बंद केला आणि मुख्य कॉम्प्युटरवरून त्याच्याच नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यावर हाक दिली. बंद कॉम्प्युटरनं गप्प बसायला हवं. पण उत्तर आलं. ते येत होतं बारक्याच्या खोलीतून.

तिनं बारक्याच्या सेटिंग उघडल्या. पत्त्याचे चारही आकडे दादाचेच. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं! शेवटी वीसच्या जागी तिनं एकवीस केलं आणि दादाचा कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. दोन्ही खोल्यांतली मशीन आठवड्यात पहिल्यांदा एकदम घरघरली.

"हे आकडे कुणी भरले होते?" दादानं विचारलं.

"मी," बारक्या म्हणाला. "तुझ्या स्क्रीनवर बघून, जसेच्या तसे."

आणि त्यानं ताईकडे पाहिलं.

ताईला आठवलं. त्या दिवशी ती कामात गळ्यापर्यंत बुडालेली, त्यात याचा फोन. "दादाचं बघ आणि डिट्टो भर," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला होता. शेवटचा आकडा बदल, हे सांगायचं राहिलं. दुसऱ्या कुणाला डिट्टो खटकला असता. या घरात तोच कायदा होता. त्यांचे वडील, आप्पा, दोघांना एकाच ताग्यातले शर्ट शिवायचे, पाव पट्टीनं मोजून कापायचे. एकाला थप्पड बसली की दुसऱ्यालाही बसायची, नाहीतर अन्याय झाला असता. ताई मुलगी म्हणून तेवढी सुटायची.

आता बोलायला हवं होतं. तिनं उगाच स्क्रीनवरचा एकवीस पुन्हा तपासला. एक श्वास, फार तर दोन.

"म्हणजे तूच!" दादानं टेबलावरचा पाना उचलून घातला. बारक्यानं आडवा धरलेला उजवा हात कडकन वाजला, आणि तो पाठीमागे, फ्रेममध्ये उभ्या केलेल्या काचेवर कोसळला. काच त्याच्यासकट खाली आली.

"दादा, थांब! मी सांगितलं होतं त्याला! चूक माझी आहे!"

दादा पाना घेऊन वळला. ताईनं डोळे मिटले. तिला वाटलं, बसू दे एकदाचा.

पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला. तिनं डोळे उघडले. दादा खाली बारक्याच्या लोंबत्या हाताकडे बघत होता. मग त्यानं फ्रेममध्ये उरलेल्या काचेवर आपली उजवी मूठ मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वहिनीनं त्याला मागून कवेत घट्ट धरलं.

"दादा, बास," रक्तात पडलेला बारक्या पुटपुटला. "झालं सारखं."

दवाखान्यात न्यायला गाडी आली. दोघा भावांना शेजारीशेजारी बसवलं, दोघांच्याही उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. आत दोन्ही मशीन न थांबता काच कापत होती. ती बंद करायला ताई मागे राहिली. तिच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.