गुरुवारच्या वाचनाची किटली

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी किटली आहे. तांबड्या मातीची, पोटाने चांगलीच सुटलेली. इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरच्या भट्टीतून निघाले ती थेट समुद्रकाठच्या एका गावातल्या वाचनालयात आले. तिथे दर गुरुवारी दुपारी कवितावाचन चाले. माझ्यातला चहा सगळ्यांना पुरे. अशी किटली गावात दुसरी नाही, असे लोक म्हणत आणि मी फुशारून जाई.

कविता समजावून सांगत मिस गारबट. निवृत्त शिक्षिका, मोठ्या शिस्तीच्या. त्यांच्या शेजारी मिस्टर स्टेंटन बसत. ते विधुर, दीपगृहाचे जुने राखणदार. त्यांना बाई आवडत. बाईंनाही ते आवडत. ते येईपर्यंत त्या चहा गरम ठेवणारी माझी लोकरीची टोपी कुणाला काढू देत नसत. पण इंग्रज माणसे ती! मनातले ओठांवर यायला त्यांना जन्म पुरत नाही.

एका गुरुवारी बाईंनी एक जुनी, नावाजलेली प्रेमकविता काढली. तारुण्य थांबत नाही, तेव्हा लाजणे पुरे, आजच माझी हो, असे प्रियकर प्रेयसीला विनवतो. बाईंनी ओळन् ओळ उलगडून सांगितली. मग स्टेंटन म्हणाले, "बाई, तो एकटाच बोलतोय. ती काय म्हणाली?"

"ते कवितेत नाही."

"तिच्या जागी तुम्ही असता, तर काय म्हटलं असतंत?"

कपांतले चमचे थांबले. बाईंचे कान लाल झाले. मग वर्गातल्या आवाजात त्या म्हणाल्या, "मिस्टर स्टेंटन, कवितेबाहेर जायचं नाही."

"चुकलंच माझं," ते म्हणाले आणि सगळ्यांबरोबर हसले. त्यांना तो नकार वाटला. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. घर विकून ते लेकीकडे न्यूझीलंडला गेले, हे कळले तेव्हा बाई मला विसळत होत्या. त्या विसळतच राहिल्या.

पुढे वाचनालय बंद पडले. बाईंनी मला घरी आणले. पण एकट्या माणसाला एवढी किटली कशाला? त्या कपातच चहाची पिशवी बुडवतात. मी फळीवर धूळ खाते. माझी तोटीही टवकली आहे. मला फार एकटे वाटते. खाली खुर्चीत बसलेल्या बाईंनाही वाटते, ते मला वरून दिसते.

काल त्यांनी तीच कविता मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हो. मी हो म्हटलं असतं."

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असे मी म्हणत नाही. मातीची वस्तू कधीतरी फुटायचीच. पण मनाचा हिय्या करून कुणी तुम्हाला काही विचारले, तर त्याला उत्तर द्या. नाही म्हणायचे असले तरी द्या. बाईंचे 'हो' ऐकायला त्या खोलीत मी एकटीच होते, आणि मला ते न्यूझीलंडपर्यंत पोचवता येत नाही.