नारिंगी भिंतीपुढे

आधीच सांगते, माझं डोकं चटकन फिरतं. त्यात ही फोटोवाली मंडळी. जुन्या शहरातून पायी फिरवायचं, रंगीत घरं दाखवायची, आणि वर ऐकून घ्यायचं, "ताई, ऊन भलत्याच बाजूला आहे हो." सूर्य काय माझ्या पदरी नोकरीला आहे?

म्हणून मी जमेल तेवढं जुळवून ठेवते. निळ्या गल्लीत शिरलो की एक मावशी बरोबर खिडकीत येऊन कपडे वाळत घालते. हिरव्या पायऱ्यांवर म्हातारबोवा पेपर उघडून बसतात. शेवटी नारिंगी भिंत, आणि तिथे शिडीवर माझा धाकटा भाऊ. तो खरोखरच रंगारी. पण लोक आले की मी खूण करते आणि तो भरलेला ब्रश झटकतो. थेंब उडतात, फोटो झकास येतो.

भिंतीला लागूनच सुताराचं दुकान. पॉलिश केलेली दारं तो बाहेर उन्हात टेकवून ठेवतो. थेंब उडायचे ते नेमके त्यांच्यावर. दोन दारं गिऱ्हाइकाने परत पाठवली, तेव्हा त्याने धाकट्याला दम भरला, "पुन्हा थेंब उडाला तर जिवंत सोडणार नाही." धाकटा घाबरला. त्या सकाळी मला म्हणाला, "ताई, आज ब्रश झटकायचं राहू दे ना."

"उगाच बाऊ करू नकोस. तो नुसता बोलतो," मी म्हटलं. आणि मंडळी भिंतीपुढे उभी राहिल्यावर खूण केली.

सुतार बाहेर आला तो हातोडा घेऊनच. शिडीला लाथ घातली. धाकटा पाठीवर आपटला, रंगाचा डबा त्याच्या अंगावर. तो उठायच्या आत सुताराने त्याच्या उजव्या हातावर हातोडा घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"ताई!" धाकटा किंचाळला.

माझ्यामागे कॅमेरे सुरू झाले. खटखट, खटखट.

"अय्या, हे प्रोग्राममध्ये नव्हतं!" एक बाई खूश होऊन म्हणाली.

मी धावले, सुताराची कॉलर धरली. त्याने कोपर असं हाणलं की माझा ओठ फाटला आणि मी भिंतीवर आदळले. तिथूनच बोंब मारली, "अहो, धरा त्याला! पडलाय तो माझा भाऊ आहे! मारतोय तो त्याला!"

पांढऱ्या टोपीवाले एक गृहस्थ माझ्या शेजारी गुडघा टेकून बसले होते, डोळा कॅमेऱ्याला. सकाळी मावशी खिडकीत आली तेव्हा त्यांनीच मला विचारलं होतं, "ही तुम्हीच आणून बसवलेली ना?" आणि मी हसले होते. आता ते म्हणाले, "ताई, जरा डावीकडे सरका. तुमची सावली पडतेय त्याच्यावर."

हातोडा खांद्यावर बसला, मग बरगड्यांत, मग डोक्यावर. धाकटा सरपटत माझ्याकडे येत होता. रंग कुठला आणि रक्त कुठलं, काही कळेना.

"डोळे फुटले का मेल्यांनो तुमचे!" मी ओरडले.

"काय काम करते हो ही बाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

मग मात्र मी कुणाला विनवलं नाही. टोपीवाल्यांच्या हातातला कॅमेरा हिसकला, दोन्ही हातांनी उचलला आणि सुताराच्या कानशिलावर घातला. तो डगमगला. पुन्हा घातला. भिंग तुटून उडालं आणि तो आपल्याच दारांवर कोसळला.

"माझा कॅमेरा!" टोपीवाले ओरडले. माझ्या हातातून त्यांनी तो ओढून घेतला. त्याला रक्त लागलं होतं, केस चिकटले होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

मला बाजूला ढकलून ते धाकट्याजवळ बसले. त्याची पापणी उचलली, मानेला बोटं लावली.

"मी डॉक्टर आहे. ॲम्ब्युलन्स बोलवा!" ते म्हणाले. दोन्ही तळव्यांनी ते त्याची छाती दाबत राहिले. बाकीचे कॅमेरे खाली करून उभे होते. मग ते थांबले. धाकटा गेला होता.

"जरा आधी कळलं असतं तर..." ते माझ्याकडे न बघता पुटपुटले.

मी त्यांची गचांडी धरली.

"ओरडत होते ना रे मी!" मी म्हटलं. "तुझ्या शेजारी उभी राहून ओरडत होते!"