न चाललेलं शेत

एझ्रा झिराडकरांच्या पायाला भिंगरी आहे, हे मिल्टन कीन्स या इंग्रजी गावात कुत्री फिरवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. वय सत्त्याहत्तर, हृदयाची एक झडप धड उघडत नाही, आणि तरी हा माणूस रोज सकाळी रेडवेवर हजर. दोनशे पावलं चालायची, बाकावर टेकायचं, धाप ओसरली की पुन्हा दोनशे पावलं. कुठे खड्डा पडलाय, कुठे झाडाच्या मुळाने डांबर उचललंय, ते वहीत टिपायचं आणि कौन्सिलला कळवायचं. कौन्सिलचे लोक आता त्यांचं नाव बघूनच सुस्कारा टाकत असतील.

पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या या लाल वाटांपैकी कितीतरी त्यांनीच घातलेल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी बायकोला इथे नर्सची नोकरी लागली, तिच्या मागोमाग हेही आले. गाव तेव्हा नुकतं वसत होतं. बाकीचे इंजिनिअर नकाशावर सही करून मोकळे व्हायचे. एझ्रा मात्र वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चालल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नसत. लोकांना वाटायचं, फौजेतली शिस्त. शिस्त कसली डोंबलाची! ती भीती होती, पण हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी हॉस्पिटलचं पत्र आलं. झडप बदलायची तारीख मिळाली होती. शुक्रवारी पाचपर्यंत फोन करून होकार कळवायचा, नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला जाणार. एझ्रांनी पत्र फ्रीजवर चिकटवलं आणि मंगळवार, बुधवार त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची मुलगी रिव्का दोन दिवस गप्प बसली. तिच्या मानाने हे फारच झालं.

बुधवारी जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मी नवस बोललेय. ऑपरेशन नीट झालं, की आपण मलिदा करायचा. सगळ्यांना बोलावणार आहे मी, प्रॉपर, मम्मी करायची तसा."

झिराडकर म्हणजे अलिबागकडचे बेने इस्रायल, शनिवार पाळणारे मराठी ज्यू. त्यांच्यात संकट टळलं की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची एकत्र करून ताटात त्याची रास रचायची, भोवती फळं मांडायची, प्रार्थना म्हणायची आणि घरी जमलेल्या सगळ्यांच्या हातावर घास ठेवायचा. इतक्या गोड गोष्टीवर कुणी चिडेल असं वाटणार नाही. एझ्रा ताट सरकवून उठले.

"माझ्या नावाने मलिदा करायचा नाही. कळलं? आणि ते ऑपरेशनही नकोय मला. पुष्कळ जगलो."

"पप्पा, that's not fair!"

ते कोट चढवून बाहेरसुद्धा पडले होते. भर दुपारी, पावसाची चिन्हं असताना. रिव्काने आपल्या मुलीला, तनूला, त्यांच्या मागे पिटाळलं. तनू एकवीस वर्षांची, युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आलेली. तिने आजोबांना तिसऱ्या बाकावर गाठलं.

ती काही विचारत नाही म्हटल्यावर म्हाताऱ्याला राहवेना. बहुतेकांचं असंच असतं. खोदून विचारलं तर तोंड शिवून बसतात आणि नुसतं शेजारी बसलं की सगळं ओकून टाकतात.

"एकाहत्तरच्या लढाईत मी सुरुंग पेरले," एझ्रा म्हणाले. "सरहद्दीवरच्या एका खेड्यात, लोकांच्या शेतांत. लढाई संपल्यावर तेच सुरुंग उपसायचं काम माझ्याकडेच आलं."

चोवीस वर्षांचा कॅप्टन. बहात्तरचा मार्च. सुरुंग काढून झाले की त्यांच्या तुकडीची एक रीत होती. ऑफिसरने मोकळं झालेलं शेत स्वतः आडवं-उभं चालून दाखवायचं. शेतकरी बांधावर उभा राहायचा, मग जोडे हातात घेऊन साहेबाच्या पावलांवर पाऊल टाकत मागोमाग यायचा. तेव्हा कुठे शेत परत त्याचं व्हायचं. कागद कितीही असोत, विश्वास बसायचा तो पावलांवर. एझ्रांनी अशी एकोणचाळीस शेतं चालून दिली होती.

चाळिसावं राहिलं. त्या संध्याकाळी त्यांची रजा सुरू होत होती. मुलगा लढाईतून धडधाकट परतला म्हणून आईने गावी मलिदा ठेवला होता, पाच गावचे नातेवाईक बोलावले होते. जीप हॉर्न वाजवत होती. ही गाडी चुकली तर मलिदाही चुकणार होता. सुरुंग निघाले होते, हवालदाराने दोनदा तपासलं होतं. बांधावर एक शेतकरी जोडे हातात घेऊन उभा होता. कॅप्टन झिराडकरांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, त्याला हात केला आणि निघून गेले.

"आईने पहिला घास माझ्या हातावर ठेवला, तेव्हा मला तो माणूस दिसला. त्याचे जोडे दिसले. घास गिळला मी, पण पुन्हा कधी मलिदा खाल्ला नाही. सगळ्यांना सांगतो, डायबिटीस आहे."

"तुम्हाला डायबिटीस नाहीये?"

"छे!"

"पण आजोबा, तुम्ही कधी चेक नाही केला? तिकडे काय झाला ते?"

"त्रेपन्न वर्षं हिंमत झाली नाही. एखादा सुरुंग राहिला असेल, कुणाचा पाय गेला असेल, कुणाचं पोर गेलं असेल. आणि मी इथे झडप बदलून आणखी दहा वर्षं जगू? मलिदा खाऊन?" त्यांनी रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसत बसले.

गावाचं नाव तेवढं तनूने काढून घेतलं. एझ्रांनी ते असं उच्चारलं, जणू कालच तिथून आले असावेत.

हल्लीच्या पोरांना पृथ्वी म्हणजे शेजारची गल्ली. त्या खेड्यातल्या शाळेचं फेसबुक पेज निघालं, त्यावरून हेडमास्तरीणबाई निघाल्या, त्यांच्याकडून एक नंबर निघाला. शुक्रवारी दुपारी बाराला तनूने फोन टेबलावर चहाच्या कपाला टेकवून उभा केला. रिव्काला तिने सगळं सांगून ठेवलं होतं. ती ओट्याशी उभी होती, हात कोरडे असूनही फडक्याला पुसत. एझ्रा खुर्चीत बसायला तयार नव्हते. दारापासून खिडकीपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

स्क्रीनवर पांढऱ्या दाढीचा एक सरदारजी आला. गुरमेज सिंग. त्या शेतकऱ्याचा मुलगा, तेव्हा आठ वर्षांचा होता. एझ्रांनी आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. मग पन्नास वर्षांत गंजलेल्या हिंदीत विचारलं, तुमच्या शेतात माझ्यामागे काही झालं का?

"नाही साबजी," गुरमेज सिंग म्हणाला. "काहीच झालं नाही. कुणाला ओरखडासुद्धा नाही."

रिव्का फडक्यात तोंड लपवून रडू लागली. एझ्रांच्या येरझाऱ्या थांबल्या. इतक्या वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरेल हे त्यांना खरं वाटेना. त्यांना हसू येऊ लागलं. हसतहसतच त्यांनी विचारलं, काय पेरता मग त्यात? गहू?

गुरमेज सिंगने फोन उलटा फिरवला. आजूबाजूला हिरवागार गहू डुलत होता आणि मधोमध बाभळींचं रान माजलेला एक चौकोन. त्याचे बांध मात्र आखल्यासारखे सरळ होते.

"बापू म्हणायचे, साहेबाने सगळ्यांची शेतं चालून दिली, आपलं नाही. म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार. नंतर फौजवाले मशिनं घेऊन आले, म्हणाले साफ आहे. बापूंनी ऐकलं नाही. म्हणाले, साहेब घाईत होता, परत येईल. दर वर्षी बांध घालायचे, नांगर मात्र घातला नाही. जाताना मलाही बजावून गेले."

"तुम्ही... इतकी वर्षं..." एझ्रा म्हणाले.

"दुसऱ्याच्या शेतावर राबलो, साबजी. भागलं."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच तर जास्त लागलं. शिव्या घातल्या असत्या तर एझ्रांनी मान खाली घालून ऐकून घेतल्या असत्या. सुरुंग एकही राहिला नव्हता. जे शेत उडालं होतं, ते त्यांच्या न चाललेल्या पावलांनी उडालं होतं, आणि एक माणूस त्यांची वाट पाहत म्हातारा होऊन मेला होता.

"मी येतो," ते म्हणाले. "गहू कधी पेरता तुम्ही?"

"दिवाळीनंतर."

"त्याच्या आत येतो. बाभळी काढून ठेवा. नाही, राहू द्या, काढू नका. माझ्यासमोर काढा. आधी मी चालणार."

फोन बंद झाल्यावर त्यांनी कोट शोधायला सुरुवात केली, पासपोर्ट कुठाय म्हणून कपाट उपसलं. रिव्का त्यांच्या आडवी आली. "पप्पा, या हार्टने तुम्हाला विमानात कुणी बसू देणार नाही. आणि ते शेत? तुम्हाला शेजारच्या बाकापर्यंत जाता येत नाही धड!"

एझ्रा थबकले. पोरीचं म्हणणं खरं होतं. दोनशे पावलं. त्या शेताची एक बाजूच तीनशे पावलांची होती.

त्यांनी फ्रीजवरचं पत्र काढलं. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मागची बाजूसुद्धा. मग हॉस्पिटलचा नंबर फिरवला. रांगेत तुमचा नंबर अकरावा आहे, असं एका यंत्रातल्या बाईने सांगितलं आणि पिपाणीसारखं काहीतरी वाजू लागलं. फोन कानाला लावून एझ्रांच्या येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या, दारापासून खिडकीपर्यंत.

"रिव्का," ते चालताचालताच ओरडले, "तो नवस बोललीस ना, तो बदल. इथे नाही करायचा मलिदा. त्या शेतात करायचा. पोहे जाडे घे, पातळ्यांचा लगदा होतो. आणि पहिला घास मला द्यायचा नाही, गुरमेजला द्यायचा."

रांगेत त्यांचा नंबर आता नववा होता.