ठकीच्या हसण्याची जागा

ठकीच्या घरात ती धून रोज सुरू व्हायची, पण तिचा शेवट कुणी ऐकला नव्हता.

ठकीचा बाबा वाद्यवृंदात चेलो वाजवायचा. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीत बसून, दोन गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचा. त्याच्या आवाजानं आपल्या कपाटातल्या बशा थरथरतात, असं खालच्या मजल्यावरच्या बाईंचं म्हणणं होतं. म्हणून सराव बाथरूममध्ये, स्टूल टाकून, दार लोटून. धून तशी साधी होती, पण मध्यावर एक अवघड चढण होती. सूर चढवत डावा हात तारेवरून सरसर खाली यायचा आणि एका उंच सुरावर टपकन थांबायचा. कधी नेमका थांबायचा, कधी केसभर पुढे जायचा. पुढे गेला की बाबा गज वर उचलायचा, घुबडासारखे डोळे करायचा आणि म्हणायचा, "गेलं!"

बाहेर चटईवर, नुकतीच बसायला लागलेली ठकी खदखदा हसायची. ती हसली की पुन्हा पहिल्यापासून. हल्ली तर चढण सुरू झाली की ठकी आधीच श्वास रोखून तयार बसे.

"तिला नसती सवय लावतोयस तू," ठकीची आई म्हणायची.

"असू दे गं. घरात एक तरी श्रोता खूश आहे."

ठकीच्या आईला काळजी करायला निमित्त लागत नसे. ठकी हसली तर उचकी लागेल, नाही हसली तर तिला ऐकू येतंय ना? त्यात आता या धुनेची भर पडली होती. पहिल्या, म्हणजे प्रमुख वादकाच्या, खुर्चीवरचे म्हातारे चेलोवादक निवृत्त झाले होते, आणि रविवारी सकाळच्या कार्यक्रमात त्यांची धून ठकीच्या बाबाला मिळाली होती. वाद्यवृंदाच्या संचालकांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर एवढंच म्हणाले होते, "रविवारी ऐकतो, मग खुर्चीचं बघू."

मास्तरांची ख्याती अशी, की सभागृहात खुट्ट झालं तरी ते ताल दाखवायची छडी खाली घेत, प्रेक्षकांकडे वळत आणि जो कोणी असेल त्याच्याकडे नुसतं बघत. मग तो भाग पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या त्या बघण्यानं एका गृहस्थांचा जुनाट खोकला कायमचा बरा झाला, असं वादक सांगत.

रविवारी सकाळी ठकीला सांभाळायला येणाऱ्या मावशींना ताप आला.

"मी राहते घरी ठकीजवळ," सासूबाई म्हणाल्या. अंगावर ठेवणीतले कपडे, केस धुऊन नीट बसवलेले, हातात पर्स. "माझं काय, मुलगा काय रोजच वाजवतो."

"नको हो आई, मी थांबते."

"बायकोनं नाही ऐकायचं, मग कोणी ऐकायचं?"

असं चार वेळा तू-मी झालं आणि शेवटी तिघीही निघाल्या.

सभागृहाच्या मागच्या भिंतीला लहान मुलांच्या आयांसाठी एक काचेची खोली होती. आवाज आत यावा म्हणून छताला स्पीकर होता. तो आधी खरखरला, मग एकदा शिंकल्यासारखा वाजला आणि गप्प झाला.

"गेल्या महिन्यापासून असाच आहे," दारावरची बाई म्हणाली. कार्यक्रमाचे कागद वाटून तिचा आवाज बसला होता. "बघायला मात्र छान दिसतं हो इथून."

दिसत सगळंच होतं. माशांच्या टाकीतून बाहेर बघावं तसं. गज वर-खाली होत होते, गाल फुगत होते, आणि ऐकू येत होता फक्त ठकीचा अंगठा चोखण्याचा आवाज. ठकीच्या आईनं मग प्रेक्षकांवर नजर ठेवली. काळजी करणाऱ्या माणसाला बघायची सवय असते. मधल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंनी पर्समधून खोकल्याची गोळी काढली होती आणि तिचा कागद त्या हळूहळू सोडवत होत्या. हळू सोडवला की आवाज होत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. पुढच्या रांगेतले टकले काका वळून तोंडावर बोट ठेवत होते. ते इतक्यांदा आणि इतक्या जोरात गप्प बसवत होते, की लोक त्यांच्याकडेच बघायला लागले होते.

मध्येच मास्तरांची छडी खाली आली. कुणाचा तरी मोबाइल वाजला असावा. मास्तर वळले. तिसऱ्या रांगेत एक मान लाल होत गेली, ती काचेतूनसुद्धा दिसली. मग पुन्हा पहिल्यापासून.

ठकीच्या आईनं काचेची खोली बांधणाऱ्याला मनातल्या मनात दुवा दिला.

पण मध्यंतरानंतर ठकी खांद्यावर गाढ झोपली, आणि स्टेजवर ठकीच्या बाबानं खुर्ची थोडी पुढे ओढली. त्यानं तळवा पॅंटला पुसला. लग्न ठरवायला आला होता तेव्हाही त्यानं असाच पुसला होता.

दारावरच्या बाईनं दार किलकिलं केलं. दार करकरलं. "झोपलंय ना बाळ? मग या की बाहेर. नवरा वाजवणार आणि तुम्ही काय काच बघणार?"

"उठली तर?"

"हललं की आत जा."

शहाणपण म्हणत होतं, बस गुमान. पण न्हाणीच्या दाराबाहेर इतके दिवस अर्धीच ऐकलेली धून पलीकडे पुरी होणार होती. ती बाहेर आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मागे दार पुन्हा करकरलं आणि लागलं. मास्तरांची छडी अजून उठायची होती, म्हणून निभावलं.

चेलो सुरू झाला. बादल्या-फरशांतून न येता तो पहिल्यांदाच मोकळा येत होता.

दुसऱ्याच सुराला ठकीनं डोळे उघडले.

रडली नाही. मान उचलली, कान दिला. ओळखीचं होतं ना सगळं. आणि मग ठकीच्या आईला हाताखाली ते इवलंसं पोट घट्ट होताना लागलं. चढण येत होती. ठकी तयार बसली होती. बाबा चुको न चुको, तिची हसण्याची जागा ठरलेली होती, आणि ती जागा त्यानंच तिला शिकवली होती.

आत जावं तर दार करकरणार. तोंडावर हात ठेवावा तर ठकी भोंगा पसरणार. ठकीची आई जिथल्या तिथे खिळली.

हात तारेवरून सरसर खाली आला आणि थांबला. नेमका. सूर असा लागला, की टकल्या काकांचंसुद्धा तोंडावरचं बोट खाली आलं.

ठकी वाट बघत होती. गज वर गेला नाही, घुबड झालं नाही. तिनं आईकडे पाहिलं. गंमत कुठे गेली? आणि धून पुढे निघाली, त्या दोघींनीही कधी न ऐकलेल्या वाटेनं, उतारावरून सायकल सोडावी तशी. शेवटचा सूर बारीक होत होत विरला. मास्तरांची छडी अजून वरच होती. अख्खं सभागृह श्वास धरून बसलं होतं.

आता मात्र ठकीचा धीर संपला.

"गे!" ती म्हणाली, आणि खदखदा हसत सुटली.

सगळी डोकी वळली. स्टेजवर ठकीच्या बाबाचा गज सवयीनं आपोआप वर गेला आणि डोळे घुबडासारखे झाले. मास्तर वळले. ठकीच्या आईला वाटलं, खुर्ची गेली, नोकरी गेली, आता भिंतीनंच पोटात घ्यावं.

"आमचीच आहे हो," मधल्या रांगेतून सासूबाई उभ्या राहून म्हणाल्या. "नात."

मास्तर बराच वेळ ठकीकडे बघत राहिले. त्यांच्या बघण्यानं न हरलेली ती पहिलीच. ती त्यांच्याकडे बघूनही हसली.

"काय म्हणाली ती?" मास्तरांनी चेलोकडे वळून विचारलं.

"गेलं म्हणाली, सर. घरी हा सूर चुकला की मी म्हणतो तसं."

"पण आज चुकला नाही."

"नाही, सर. म्हणून तर ती खोळंबली."

मास्तरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "नियम तो नियम. आवाज झाला. पहिल्यापासून."

ठकीची आई घाईघाईनं काचेच्या खोलीकडे वळली.

"बाई, तिथेच थांबा," मास्तर म्हणाले. "ते दार बाळापेक्षा जास्त ओरडतं."

सभागृह मोठ्यानं हसलं. इतकी माणसं एकदम हसलेली पाहून ठकी दचकली आणि आईच्या गळ्याला बिलगली.

दुसऱ्यांदा वाजवताना ठकीच्या बाबानं तळवा पुसला नाही. चढण आली तेव्हा ठकीच्या आईच्या लक्षात आलं, की हातातलं पोट सैल आहे, घट्ट झालंय ते तिचं स्वतःचं. सूर पुन्हा नेमका लागला, पहिल्यापेक्षाही मोकळा. पुढच्या उतारावर टकल्या काकांनी रुमाल काढून भोंग्यासारखं नाक शिंकरलं.

सासूबाईंनी पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली आणि तोंडावर बोट ठेवलं.

मास्तरांना ते ऐकू आलं नसेल असं नाही. पण छडी थांबली नाही.

कार्यक्रम संपल्यावर वादकांच्या खोलीत ठकीचा बाबा चेलो पेटीत ठेवत होता. ठकीला घेऊन ठकीची आई सासूबाईंसह दारात उभी राहून माफीची वाक्यं जुळवत होती, तोच मास्तर कोट घालत बाहेर निघाले.

"मंगळवारी तालमीला पहिल्या खुर्चीवर बसा," ते बाबाला म्हणाले. मग ठकीसमोर थांबले आणि घुबडासारखे डोळे करून पाहिले. ठकीनं त्यांची मिशी धरली. "आणि ही तालमीला आली तरी चालेल. कार्यक्रमाला मात्र दात आल्यावर."

"दोन आलेत," सासूबाई म्हणाल्या.

घरी जाताना रस्त्यानं बाबाच्या पाठीवर चेलो होता, आईच्या कडेवर ठकी आणि बरोबर सासूबाई. ठकीची आई तीच धून गुणगुणत होती. पुढची वाट आता माहीत झाली होती, तिला ती पुरी करायची होती. चढण आली, तिनं गळा वर ताणला, आणि उंच सुरावर आवाज फाटला.

तिघंही चालता चालता थांबली आणि ठकीकडे बघायला लागली.

ठकीनं आधी सगळ्यांची तोंडं नीट पाहून घेतली. मग हसली.