हशाची जागा

विनोदी गाणे बांधणे हे हलके काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते एकदा बांधून पाहावे. गंभीर गाण्यात संगीतकाराला गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्यांचा विचार करावा लागतो. विनोदी गाण्यात आणखी एक वादक असतो. तो अंधारात खुर्च्यांवर बसलेला असतो, त्याच्यापुढे सुरांचा कागद नसतो, आणि तरीही तो नेमक्या जागी वाजला पाहिजे. त्याच्यासाठी ओळीच्या शेवटी काही मात्रा रिकाम्या सोडाव्या लागतात. त्या कमी पडल्या तर हसण्यात पुढची ओळ बुडते आणि जास्त झाल्या तर नट उघडा पडतो. या रिकाम्या मात्रांना रंगशाळेत ‘हशाची जागा’ म्हणत. ती मास्तरांइतकी बिनचूक कोणालाही सोडता येत नाही, हे त्यांच्याशी उभा दावा असणारेही कबूल करत.

मास्तरांनी मोठ्या रंगमंचासाठी संगीतिका रचल्या आणि तळघरातल्या कॅबरेसाठी सुटी गाणी. त्यांतल्या बऱ्याचशा संगीतिका लोक विसरले. तळघरातले एक गाणे मात्र कोणी विसरू शकले नाही. सगळे ज्याला भोपळ्या म्हणत तो अत्यंत जाडा नट, अंगात घट्ट सदरा आणि डोक्यावर इवलीशी टोपी घालून, परक्या घरात अडकलेल्या प्रियकराच्या काकुळतीने गात असे: ‘ठेव पलंगाखाली, मला घडी घालून...’ येथे तो टोपी काढून छातीशी धरी, मास्तर पियानोवरचा हात उचलीत, आणि छत खाली यावे असा हशा येई. हे तीस वर्षे चालले. रस्त्यावर पोरे ते ओरडत, लग्नाच्या वरातीत ते वाजे, आणि मास्तर कोठेही गेले की कोणीतरी टोपी काढून छातीशी धरीच.

आता तळघर बंद झाले होते, मास्तरांची बायको जाऊन चार वर्षे लोटली होती, आणि एका दुपारी त्यांची मुलगी तान्ह्या लेकीला खांद्यावर टाकून त्यांच्या दारात उभी राहिली. बाप-लेकीचे भांडण नव्हते. भांडणाला लागते तेवढीही जवळीक त्यांच्यात बरीच वर्षे राहिलेली नव्हती.

“बसत नाही,” ती म्हणाली, आणि बसली. “ही झोपत नाही. दिवसा नाही, रात्री नाही. डोळे बघा, घुबडासारखे.”

“तुझ्यावर गेलीय,” मास्तर म्हणाले. “तूही आम्हाला अशीच पिदडायचीस.”

“मला आई गाणं म्हणायची.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छ होता.

“तेच गाणं हवंय मला,” ती म्हणाली. “आईचं. मी प्रयत्न केला. पहिली ओळ येते, ‘ठेव उशाखाली, दिवस घडी घालून’. त्याच्या पुढे आई काहीतरी गुणगुणायची, शब्द नव्हते त्याला. तिथपर्यंत पोचले की मला पलंग दिसतो, बाबा. तुमचा तो भोपळ्या दिसतो टोपी काढताना. पोरीला जोजवता जोजवता मी गप्प होते, आणि ती टक्क जागी!”

“मग दुसरं म्हण एखादं. अंगाई काय कमी आहेत?”

“शाळेत मुली मला बघून ते गाणं म्हणायच्या. मागच्या बाकावरून. मी घरी येऊन रडले, तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात, ‘दुसरं काहीतरी म्हणा’ म्हणून सांग त्यांना.” तिने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले. “आईचा आवाज कुठे राहिलाय का आपल्याकडे? नाही. तिची एक गोष्ट मागतेय. तुम्हीच नेलीत, तुम्हीच आणून द्या.”

“त्यात काय एवढं,” मास्तर म्हणाले. “चाल माझीच आहे. रविवारी ये.”

ती गेल्यावर त्यांनी पियानोचे झाकण उघडले. लय निम्म्यावर आणली, डावा हात हलका ठेवला आणि पहिली ओळ वाजवली. ती आली, आणि संथ चालीत इतकी सुरेख आली की त्यांना स्वतःलाच नवल वाटले. ओळ संपताच त्यांचा उजवा हात आपोआप वर उचलला गेला आणि हवेत थांबला. ते हशाची वाट पाहत होते. खोलीत घड्याळाखेरीज काही वाजत नव्हते. त्यांनी पुन्हा वाजवले, आणि हात पुन्हा त्याच जागी उचलला गेला. त्या जागी पूर्वी चार-पाच सुरांची एक शेपटी होती, इतके त्यांना ठाऊक होते. ते सूर कोणते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

येथे कोणी विचारील की, ज्याने रचले त्याला आठवू नये, हे कसे शक्य आहे? ते शक्य आहे इतकेच नव्हे, स्वाभाविक आहे. घरातली चाल कोणी कागदावर उतरवीत नाही. जी उतरवली ती रंगमंचावरची होती, आणि ती त्यांच्या हातांनी हजारो वेळा गिरवली होती. त्या वेळी तळघरातले नवे प्रहसन दुसऱ्याच आठवड्यात पडायला आले होते, मालकाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हसवणारे गाणे हवे होते, आणि मास्तरांच्या डोक्यात त्या दिवशी घरातल्या अंगाईशिवाय काहीही नव्हते. त्यांनी लय दुप्पट केली, उशाखालचा दिवस काढून पलंगाखाली भोपळ्या घातला, शेपटी छाटली आणि प्रहसन वाचवले. पहिल्या प्रयोगाला बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. सगळे हसले तेव्हा तीही हसली, फक्त किंचित उशिरा. मास्तरांनी ते ऐकले, कारण हशातला एकेक आवाज वेगळा ऐकणे हाच त्यांचा धंदा होता. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की त्या प्रेक्षागृहाचे कान जरा मंद आहेत, आणि हशाची जागा अर्ध्या मात्रेने वाढवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन-चार वर्षांची पोर झोपेना म्हणून त्यांनीच बायकोला सांगितले, “अगं, म्हण ना तिचं ते.” ती घडी घालत असलेले कपडे तसेच धरून म्हणाली, “आता ते झोपवणारं गाणं राहिलं नाही.” त्यानंतर तिने ते कधी म्हटले नाही, आणि त्यांनीही पुन्हा सांगितले नाही.

सोमवारी मास्तर भोपळ्याकडे गेले. भोपळ्या आता इतका वाळला होता की टोपणनाव तेवढे शिल्लक राहिले होते. खिडकीशी आरामखुर्चीत, गुडघ्यावर शाल घेऊन तो बसला होता.

“ये, मास्तर ये! घडी घालायला आलास का? आता सहज बसेन मी पलंगाखाली. वर बसायचं तर दोघांनी धरावं लागतं.”

मास्तर हसले नाहीत, म्हणून तोच दोघांच्या वाटचे हसला. मग मास्तरांनी काम सांगितले. गाणे त्याला पहिल्यांदा वाजवून दाखवले होते तेव्हा शेपटीसकट दाखवले होते. ती त्याच्या कानात कोठे राहिली असेल तर त्याने गुणगुणावी.

भोपळ्याने डोळे मिटले. ओठ हलवले. मग त्याचा हाडकुळा हात डोक्याकडे गेला, नसलेली टोपी काढून त्याने ती छातीशी धरली आणि डोळे उघडले.

“नाही रे,” तो म्हणाला. “तिथे मला टोपीच आठवते. सूर विचारू नकोस.”

“नीट आठव. तूच म्हणालास, शेपूट काप.”

“मी? वा रे वा! मी म्हणालो, शेवट गोड आहे, पण इथे मी हसू कुठून आणू? तर तू म्हणालास, ‘ते काढायला काही हरकत नाही, ते माझं नाहीच. चाल माझी ओळीपुरती. पुढचं ते गुणगुणणं बायकोनं आपलं जोडलंय, तिला शब्द सुचले नाहीत म्हणून.’ आणि पेन्सिलीनं रेघ मारलीस. मी म्हटलं, वहिनी रागावतील. तू म्हणालास, तिला कळणारही नाही.”

मास्तर उठून उभे राहिले.

“खोटं सांगत असेन तर बघ,” भोपळ्या जरा घाबरून म्हणाला. “म्हातारा माणूस मी. चुकलंही असेल.”

“नाही, चुकलं नाही,” मास्तर म्हणाले.

घरी परतताना ते वळणावर बराच वेळ उभे राहिले आणि रस्ता ओलांडण्याची संधी त्यांनी दोन-तीनदा जाऊ दिली. आजवर त्यांची समजूत अशी होती की, आपण आपल्याच गाण्याची एक चिमटीभर लांबी कमी केली. आपल्या वस्तूची काटछाट करण्याचा हक्क कोणत्याही कारागिराला असतो, असा युक्तिवाद त्यांनी स्वतःशी अनेकदा केला होता आणि दर वेळी जिंकला होता. आता तो लटका ठरला. त्या गाण्यात जेवढे तिचे होते तेवढेच त्यांनी नेमके कापले होते, आणि कापलेल्या जागेवर तीस वर्षे माणसे हसवली होती.

मंगळवारी त्यांनी शोधायचे सोडून रचायला घेतले. हे प्रामाणिकपणाचे नव्हते हे त्यांना कळत होते, पण हात रिकामे ठेवून मुलीसमोर बसण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते. पहिली शेपटी षड्जावर, म्हणजे चालीच्या घरच्या सुरावर, येऊन विसावली. ती फारच नीटनेटकी होती, पत्राखालच्या सहीसारखी. दुसरी वर चढली आणि लगेच नाटकी वाटू लागली. तिसरीत त्यांच्याच एका जुन्या संगीतिकेचा वास आला. बुधवारी सकाळी, चहा कपात निवत असताना, एक शेपटी आली. ती खाली उतरत होती, पण घरच्या सुरापर्यंत न पोचता त्याच्या एकच पायरी वर, रिषभावर थांबत होती. कोणी दार पूर्ण न लावता खोलीबाहेर पडावे, तशी. ती इतकी बरोबर होती की क्षणभर त्यांना वाटले, हीच ती. मग त्यांच्या लक्षात आले की, ही तिची असती तर तिच्यात कोठेतरी एक श्वास चुकीच्या जागी असता. ती गाणारी नव्हती, तिला मध्येच दम घ्यावा लागे. एवढे त्यांना आठवले. सूर आठवले नाहीत.

रविवारी मुलगी आली ती थकलेली. बाळ जागेच होते. मास्तरांनी ठरवले होते की आधी सांगायचे, मग वाजवायचे. पण तिने पायातले काढता काढताच विचारले, “सापडलं?”, आणि त्या एका शब्दातल्या आशेपुढे त्यांची सगळी जुळवाजुळव कोलमडली. ते पियानोशी बसले.

त्यांनी ओळ वाजवली, आणि ओळीच्या शेवटी हात बळेच खाली ठेवून बुधवारची शेपटी वाजवली. दुसरी ओळ, आणि पुन्हा शेपटी. मागे वळून पाहण्याची त्यांची छाती नव्हती. तळघरातही पियानोशी बसले की त्यांची पाठ प्रेक्षकांकडे असे, आणि त्यांना सगळे कानानेच कळे. आता मागून काहीच येत नव्हते. ती ओळखील, अशी त्यांना भीती होती. खरे सांगायचे तर, तशी आशाही होती. ‘नाही बाबा, असं नव्हतं,’ एवढे ती म्हणाली असती, तर तिच्या आत कोठेतरी खरे शिल्लक आहे असे सिद्ध झाले असते, आणि ते दोघे मिळून ते खणून काढू शकले असते.

“हेच,” ती म्हणाली. “अगदी हेच, बाबा. आई असंच म्हणायची ना?”

मास्तरांनी वळून पाहिले. बाळाची मान आईच्या खांद्यावर कलली होती, मूठ सैल सुटली होती.

“हो,” ते म्हणाले. “असंच.”

“मी म्हणते बरोबर. हळू वाजवा.”

तिने तीन-चारदा म्हटले. तिचा आवाज आईसारखाच होता, बारीक, न शिकलेला. एकदा शेपटीवर ती अडखळली तर त्यांनी एका बोटाने ते सूर दाखवले, आणि दाखवताना त्यांना स्वतःची किळस आली. मग त्यांना एक गोष्ट सुचली. त्यांच्याजवळ आता तेवढीच उरली होती.

“आणखी एकदा,” ते म्हणाले.

ती गाऊ लागली: ‘ठेव उशाखाली, दिवस घडी घालून...’ ओळ संपली तशी मास्तरांनी हात उचलला. या वेळी तो सवयीने उचलला गेला नव्हता. त्यांनी तो जाणूनबुजून उचलला आणि जागा रिकामी सोडली, एका नव्या नटाच्या पहिल्या प्रयोगाला सोडावी तशी, पुरेपूर. पियानो नसेल, दाखवणारे बोट नसेल, तर त्या रिकामेपणात तिच्या तोंडी आपोआप दुसरे काही येईल. लहानपणी कानात पडलेले, कोणी न रचलेले, मध्येच दम घेणारे. तीस वर्षांत कोणत्याही हशाची त्यांनी इतक्या जिवाने वाट पाहिली नव्हती.

मुलगी अडखळली नाही. बाळाच्या पाठीवर थोपटत तिने त्या जागेत गुणगुणायला सुरुवात केली, खाली उतरली आणि रिषभावर अलगद थांबली. एकही सूर चुकला नव्हता, आणि तिने मध्ये दमही घेतला नव्हता. ती बुधवारचीच शेपटी होती.