थर्लोने घासलेली हेड

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे आणि जुना आहे म्हणूनच अमेरिकेत, युटातल्या मिठाच्या मैदानावर मला धावू देत असत. तिथे हौशी माणसे आपापल्या गाड्यांचा वेग मोजायला येतात. इंजिनांचे वर्ग पाडलेले असतात, म्हाताऱ्याची गाठ म्हाताऱ्याशीच पडते.

मी आधी दुधाच्या ट्रकमध्ये होतो. ट्रक भंगारात गेला तेव्हा थर्लो नावाच्या वेल्डरने मला उचलून आणून आपल्या शर्यतीच्या गाडीत बसवले. माझे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, सिलिंडरच्या शेजारी, खालच्या ठोकळ्यातच आहेत. वर नुसती दोन जाड झाकणे, त्यांना हेड म्हणतात. हवा सहज वाहावी, वेग वाढावा म्हणून त्यांची आतली बाजू थर्लोने कित्येक हिवाळे हाताने घासली. बायको जेवायला हाका मारून थकायची.

आमच्या वर्गाचा विक्रम त्याचा मित्र डेल्मार याच्या नावावर होता. दर उन्हाळ्यात आम्ही थोडक्यात मागे राहायचो. पुढे थर्लोची नजर अधू झाली. डॉक्टर म्हणाले, यंदा धाव, मग गाडी बंद. त्याच हिवाळ्यात डेल्मार नवी हेड भेट घेऊन आला. त्यांत व्हॉल्व्ह वर होते.

"आपल्या वर्गात चालतं का रे हे?" थर्लोने विचारले.

"ठोकळा जुना असला की झालं. नियम मी वाचतो, तू पाना धर. आणि तुझी जुनी हेड नेतो मी, इथे गंजतील."

थर्लोने ती पुसून, कापडात गुंडाळून त्याच्या गाडीत ठेवली.

उन्हाळ्यात आम्ही धावलो. एवढा मोकळा श्वास मला जन्मात मिळाला नव्हता. विक्रमासाठी लागणाऱ्या दोन्ही फेऱ्यांत जुना विक्रम मागे पडला. थर्लो हेल्मेट काढून हसत होता. तपासायला आलेल्या ग्लेनाने बॉनेट उघडले.

"थर्लो, व्हॉल्व्ह वर घेतलेस तू. हा वर्गच वेगळा. तिथला विक्रम कितीतरी पुढे आहे."

थर्लो डेल्मारकडे वळला. डेल्मार सँडविच खात होता.

"मला वाटलं, तू कुणाकडून तरी वाचून घेतलं असशील."

"जुनी हेड दे. बदलतो आणि उद्या धावतो."

"ती माझ्या इंजिनावर आहेत. फार छान बसली बघ."

भोवतीच्या दोघातिघांना हसू आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्मारची गाडी समोरून गेली. थर्लोला ती धड दिसली नाही, पण आवाज त्याने ओळखला. विक्रम डेल्मारच्याच नावावर आणखी वर चढला. ग्लेनाने तपासले. सगळे नियमात होते.

एरवी घरी आल्याबरोबर थर्लो माझ्यावरचे मीठ धुऊन काढी. यंदा त्याने मला शेडमागे टाकले. बायकोने पाण्याची नळी आणली, तर म्हणाला, "राहू दे. कशाला आता?"

मीठ बोल्टांत शिरले. शरद ऋतूत डेल्मार आला.

"ती नवी हेड तुला आता लागत नसतील. नेऊ का?"

"ने," थर्लो म्हणाला. बोल्ट गंजून घट्ट बसले होते, म्हणून पान्याला जोर लावायला तोही वाकला.

तेव्हापासून माझे आठही सिलिंडर उघडे आहेत. मित्रांनो, कुणाला इंजिन टाकूनच द्यायचे असेल, तर निदान वर एखादी फळी ठेवा. आत बर्फ साचतो.